आमच्या मावळातील सायकली व त्यांचा साज

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघणार, त्यात प्रत्येकीने आपल्या भागाच्या इतिहासाविषयी काहीतरी लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले. लोहगड, विसापूर, कार्ल्याची लेणी यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यात मी काय भर घालणार? म्हणून जी वस्तू लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर होती व माझ्या हातांखालून गेली, तीच मी निवडली. ती म्हणजे मावळातल्या कष्टकरी माणसाची सायकल व तिच्यावर त्याने चढविलेला साज.

आज जी सायकल आपण पाहतो, तिचा घाट विलायतेत १८८५ साली स्टार्ले नावाच्या कारागिराने बसविला. दोन्ही चाके सारखी, मागच्या चाकाला साखळी. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेले टायर काढले आणि हाडे खिळखिळी करणारी ही गाडी बसण्याजोगी झाली. आपल्याकडे पूर्वी रॅले, हंबर, बी.एस.ए. अशा विलायती गाड्या येत. बी.एस.ए. हा मुळात बंदुकांचा कारखाना, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन बंदुका असत. स्वातंत्र्यापूर्वीच मुंबईस हिंद सायकलचा कारखाना निघाला. पुढे १९४९ साली मद्रासजवळ हर्क्युलस बनविणारी टी.आय. कंपनी, १९५१ साली सोनीपतला ॲटलास व १९५६ साली लुधियान्याला हिरो, असे कारखाने उभे राहिले आणि सायकल साहेबाच्या बंगल्यातून कामगाराच्या ओसरीवर आली. माझी आजी मात्र शेवटपर्यंत तिला ‘पायगाडी’च म्हणे.

मावळात सायकलीचे काम पडले ते नोकरीमुळे. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे झाली, १८६३ साली बोरघाटातली वाट खुली झाली आणि लोणावळा हे रेल्वेचे ठाणे बनले. तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. लोणावळ्याची व वळवणची धरणे बांधून टाटांनी १९१५ साली खोपोलीस वीज काढली. १९४५ साली लोणावळ्यास नौदलाचे ‘शिवाजी’ केंद्र सुरू झाले. पुढे १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीनचा कारखाना आला व त्यामागून आणखी कितीतरी कारखाने आले. काम रुळाच्या कडेला आणि घर डोंगराच्या कुशीत, अशी आमच्या माणसांची स्थिती. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळातला माणूस पहाटे सायकलीने स्टेशन गाठी, ती स्टँडवर लावी आणि गाडी पकडी. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यावर तर कामशेत, वडगाव, तळेगावच्या स्टँडवर सायकलींची दाटी होऊ लागली.

माझे वडील त्यांतलेच एक. नाणे मावळातल्या आमच्या गावापासून कामशेत स्टेशन पाच किलोमीटर. नोकरी पिंपरीस, पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. त्यांची हर्क्युलस काळ्या रंगाची होती. स्टँडवरच्या सगळ्याच काळ्या, सगळ्यांचीच चाके अठ्ठावीस इंची. दुपारपाळी संपवून रात्री माणूस उतरला, वर मावळचा पाऊस आणि दिवे गेलेले, अशा वेळी शंभर काळ्या सायकलींतून आपली कशी ओळखावयाची? एकदा अण्णा अंधारात दुसऱ्याचीच सायकल घेऊन आले. कुलूप उघडले, कारण त्या काळी एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागे! सकाळी तो गृहस्थ व अण्णा स्टँडवर समोरासमोर आले आणि दोघेही हसले. त्या दिवशी आईने तांबड्या लोकरीचा एक मोठा गोंडा करून अण्णांच्या हँडलला बांधला. हाताने चाचपला तरी कळावा, एवढा मोठा. आमच्या घरच्या सायकलीचा साज येथून सुरू झाला.

पुष्कळ लोकांना हा साज म्हणजे पोरकट हौस वाटते. पण नीट पाहिले, तर त्यातला बहुतेक प्रत्येक दागिना प्रथम उपयोगासाठी आला व मागाहून शोभेचा झाला. लोणावळ्यास वर्षाला दीडशे इंचांच्या वर पाऊस पडतो. दांडीवर रंगीत टेप गुंडाळीत ती लोखंड गंजू नये व दुधाच्या किटल्यांनी रंग खरचटू नये म्हणून. सीटवर रेक्झिनचे कव्हर घालीत ते चामडे भिजू नये म्हणून. त्याला झालर लागली ती नंतर. चाकाच्या मध्यावर केसाळ रंगीत कडे बसवीत, ते चाक फिरताना आपोआप धूळ पुसून टाकी. मडगार्डाच्या टोकाला रबराची पट्टी असे ती चिखल उडू नये म्हणून. मग तिच्यावर पेंटरकडून मालकाचे नाव, नाही तर कुलदैवताचे नाव आले. रात्री दिवा नसला तर दंड होई, म्हणून डायनामो आला. तो चाकावर घासून वीज करी, त्यामुळे उतारावर लखलखाट आणि चढावर अंधार! स्पोकमधल्या रंगीत मण्यांचा मात्र काहीही उपयोग नव्हता. सायकल हळू चालली की ते खळखळ वाजत आणि वेगात गेली की गप्प होत. पण दहा तास यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढी एक निरुपयोगी गोष्ट बाळगण्याचा हक्क असावा, असे मला वाटते.

पगाराच्या आठवड्यात सायकलीच्या दुकानी गर्दी होई. चाकाचा आउट काढणे, ओव्हरऑइलिंग करणे ही निमित्ते. खरे पाहणे असे ते दुसऱ्याने काय नवे लावले याचे. कोणी दोन आरसे लावी, कोणी पुढच्या मडगार्डावर छोटे विमान बसवी. दसऱ्याला तर सायकल नवरीसारखी सजे. ओढ्यावर धुऊन, तेलाचा हात फिरवून, झेंडूचा हार घालून ती दारात उभी करीत आणि आई तिला हळदकुंकू वाही.

कधी हमरस्त्याने मुंबई-पुणे सायकल शर्यत जाई. बोरघाट पहिल्याने चढेल तो ‘घाटाचा राजा’. ती शर्यत पाहावयास आम्ही मुले कामशेतच्या नाक्यावर जात असू. त्या स्वारांच्या सायकलींना मडगार्ड नाही, कॅरेज नाही, घंटी नाही. वजन कमी व्हावे म्हणून सारे उतरवून ठेवलेले. रस्त्याच्या कडेला आमची माणसे आपापल्या गोंडेदार सायकली धरून उभी. मी अण्णांना विचारले, “त्यांच्या सायकली अशा ओक्याबोक्या का?” अण्णा म्हणाले, “त्यांना एक दिवस पळायचंय. आपल्याला रोज जायचंय.”

भगिनींनो, आता मुख्य गोष्ट सांगते. हा साज पुरुषांचा म्हणून ओळखला गेला, पण तो केला कोणी? तुम्हांला प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्या आठवत असतील. गावोगावच्या महिला मंडळांनी त्यांचे वर्ग चालविले होते. आई तेथेच वायर विणण्यास शिकली. पिशवी झाल्यावर उरलेल्या हिरव्या-पिवळ्या वायरीतून तिने अण्णांच्या हँडलच्या मुठी विणल्या, दांडीला जाळीचे वेष्टण केले. क्रोशाने सीटकव्हर विणले. मीही तिच्या हाताखाली शिकले. आळीतल्या चार-पाच सायकलींवर आम्हां मायलेकींचा हात होता. लोक म्हणत, “काय सायकल ठेवलीय अण्णांनी!” आईचे नाव कोणी घेत नसे. तिलाही त्यात काही वावगे वाटत नसे.

१९९३ साली मी सातवी पास झाले. गावची शाळा तेथे संपत होती. हायस्कूल कामशेतला. थोरल्या भावाला आठवीत नवी सायकल मिळाली होती आणि तिच्या मुठी मीच विणल्या होत्या. मी म्हटले, मलाही सायकल शिकू द्या, मी दादाबरोबर जाईन. आजी म्हणाली, “पोरीच्या जातीनं पायगाडीवर बसायचं नसतं.” आईने खाली मान घातली. अण्णा काही बोलले नाहीत. उठून सायकल पुसू लागले. माझे शिक्षण पाच किलोमीटरसाठी थांबले. मी कोणाला दोष देत नाही. तेव्हा घरोघरी हेच चालले होते. पण ज्या सायकलीचा कण न् कण माझ्या ओळखीचा, तिच्यावर बसण्याची मला मुभा नव्हती, हेही या इतिहासात लिहिले पाहिजे, म्हणून लिहिले.

असे सर्वत्र होते असेही नाही. त्याच सुमारास, १९९१-९२ मध्ये, तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीत हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. २००६ साली बिहारने शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना काढली आणि नववीत नाव घालणाऱ्या मुली वाढल्या. सायकल ही मुलीला शाळेपर्यंत नेणारी वाट आहे, हे सरकारलाही कळले. आमच्या आजीला ते कोण सांगणार होते?

आता स्टेशनच्या स्टँडवर मोटारसायकली उभ्या असतात. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. त्यावर सायकलीला मज्जावच आहे. २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. पुण्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकली, दिवे, घंट्या जमवून संग्रहालय केले आहे, ते प्रत्येकीने पाहावे. ढाक्यातील रिक्षांवरच्या चित्रकलेची युनेस्कोने २०२३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशात गणना केली. आमच्या गोंड्यांची, विणलेल्या मुठींची मात्र कोठे नोंद नाही.

लग्न होऊन मी लोणावळ्यास आले. माझी मुलगी सायकलीनेच शाळेत गेली. मागच्या वर्षी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिने मला मैदानावर नेऊन सायकल शिकविली. दोनदा पडले, गुडघा फुटला, तिसऱ्या दिवशी तोल सापडला. आता भाजीला मी सायकलीने जाते. अण्णा थकले आहेत, पण त्यांना ही बातमी कळल्यावर त्यांनी भावाला माळ्यावर चढवून जुन्या हर्क्युलसचा तो तांबडा गोंडा शोधून काढविला व माझ्याकडे पाठविला. रंग उडाला आहे, गाठ मात्र आईने घातलेली तशीच आहे. मी तो माझ्या हँडलला बांधला आहे.

मंडळाच्या भगिनींना एवढीच विनंती, की माळ्यावरची, गोठ्यातली जुनी सायकल भंगारात देण्यापूर्वी तिच्यावर काय काय आहे ते पाहावे आणि ते कोणी विणले होते, त्या बाईचे नाव वहीत लिहून ठेवावे. पुढल्या स्मरणिकेत ती नावे छापता येतील. पहिले नाव माझ्या आईचे मी देईन.