जखिऱ्याचं पाणी

इमर्जन्सी फंड किती असावा, हा विषय आयटीवाल्यांच्या लंच टेबलवर हमखास निघतो. उत्तरही ठरलेलं: सहा महिन्यांचा खर्च. पण सहाच का, हे कुणी सांगत नाही. मला त्याचं सगळ्यात पटलेलं उत्तर चक्क आज्ञापत्रात सापडलं.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात किल्ल्यांवर एक प्रकरण आहे. त्यात पाण्याबद्दल ते सांगतात (शब्द माझे): गडावर एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमकी तेव्हाच पाण्याची गरज वाढते. म्हणून जखिऱ्यासाठी दोन-चार टाकी वेगळी बांधावीत आणि त्यातलं पाणी एरवी खर्च होऊ देऊ नये.

तोफांनी झरे खरंच आटतात का, ते भूगर्भवाल्यांनी ठरवावं. हिशेब मात्र पक्का आहे. पगार म्हणजे झरा. नोकरी गेली की कंपनीचा मेडिक्लेमही जातो, म्हणजे झरा आटला आणि तहान वाढली! नवरा-बायको दोघंही आयटीत असतील तर एकाच झऱ्याला लावलेले ते दोन नळ.

आमच्या तुळजापूरकडे हेच धान्यात करायचे. रोजची ज्वारी घरातल्या कणगीत, जास्तीची जमिनीखालच्या पेवात. पेवाचं तोंड लिंपलं की आतला प्राणवायू संपतो, किडे मरतात आणि ज्वारी कित्येक वर्षं टिकते. पण उघडल्या उघडल्या आत उतरलं तर माणूसही गुदमरतो. हवा खेळेपर्यंत थांबावं लागतं. आजच्या भाषेत कणगी म्हणजे सेव्हिंग्ज अकाउंट आणि पेव म्हणजे एफडी. सगळंच पेवात ठेवून भागत नाही.

मग पेव केवढं असावं? इथे १९७२ चा दुष्काळ आठवतो. मराठवाड्यात लागोपाठ वर्षं पाऊस हुकला होता. अशा वेळी घरचं पेव पुरत नाही आणि शेजाऱ्याचंही रिकामंच असतं, उसनं मागणार कुणाकडे? मे १९७३ मधे राज्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मधे व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर 'पीटी' म्हणून दरमहा २०० रुपये कापले जातात ना, तोच तो!

थोडक्यात, एकट्याच्या टाक्याला मर्यादा आहे. माझा हिशेब असा: घरात खरोखर वेगळे दोन झरे असतील तर चार महिन्यांचा खर्च, एकच असेल तर नऊ. त्यातला एका महिन्याचा कणगीत, बाकी पेवात. आणि त्याहून मोठ्या संकटासाठी स्वतःचा विमा, कंपनीचा नव्हे.

असो. आकडा ठरवण्याआधी आपले झरे मोजा, एवढंच.