हिरा गोल का?

आमच्या प्रयोगशाळेत स्फटिकांवर काम करणारी एक विद्यार्थिनी मध्यंतरी सराफाच्या दुकानातून चिडूनच परत आली. साखरपुडा तीन आठवड्यांवर आलेला. अंगठीसाठी दोन हिरे पसंत पडले होते. दोन्ही अर्ध्या कॅरटचे. रंग आणि स्वच्छता प्रमाणपत्रावर सारखीच. एक गोल होता, एक चौकोनी. गोल हिरा बराच महाग. का, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "ताई, गोलच जास्त चालतो." आता हे काही उत्तर झालं का, असा तिचा प्रश्न.

उत्तर अगदीच चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. उरलेलं अर्धं शोधायला निघालं की पाचेकशे वर्षांचा इतिहास आणि शाळेतला प्रकाशाचा धडा, दोन्ही वाटेत भेटतात.

सुरुवात खाणीतून निघालेल्या दगडापासून करू या. चांगला वाढलेला हिरा बहुधा अष्टफलक असतो, म्हणजे चौकोनी पायाचे दोन पिरॅमिड एकमेकांना पायाशी चिकटवावेत तसा. आपल्याकडच्या रत्नपरीक्षेच्या संस्कृत ग्रंथांत उत्तम वज्राचं वर्णन सहा टोकं, आठ बाजू आणि बारा धारा असं केलेलं आहे. गणिताच्या शिक्षकांनी इथे थोडं थांबावं. टोकं अधिक बाजू बरोबर कडा अधिक दोन, हा ऑयलरचा नियम. सहा अधिक आठ चौदा, बारा अधिक दोन चौदा! ते वर्णन करणार्‍याने स्फटिक हातात धरून मोजला होता, यात शंका नको. भारतीय पारख्याच्या दृष्टीने आदर्श हिरा हाच होता: टोकं शाबूत, धारा तीक्ष्ण, निसर्गाने घडवला तसा.

त्याला घासायचा म्हटलं तरी ते सोपं नव्हतं. हिर्‍याहून कठीण काही नाही, तेव्हा तो घासायचा कशाने? हिर्‍याच्याच भुकटीने. पण दोघांचं काठिण्य सारखं असताना भुकटी हिर्‍याला कापते कशी? याचं उत्तर असं की हिरा सर्व दिशांनी सारखा कठीण नसतो. भुकटीतले कण वेडेवाकडे पडलेले असतात, त्यामुळे काही कणांची सर्वांत कठीण बाजू नेहमीच दगडाकडे येते; कारागीर मात्र दगड अशा दिशेने धरतो की त्याची मऊ दिशा चाकावर यावी. गंमत म्हणजे अष्टफलकाच्या आठ नैसर्गिक बाजू सर्वांत हट्टी. त्यांना तंतोतंत समांतर असा पैलू घासणं जवळजवळ अशक्य असतं, थोडा तिरका धरावा लागतो. टोक मात्र घासता येतं. म्हणून युरोपात पंधराव्या शतकात जो पहिला मोठा बदल दिसतो तो एवढाच: अष्टफलकाचं वरचं टोक घासून तिथे सपाट चौकोन करायचा. या चौकोनाला टेबल म्हणतात आणि त्या आकाराला टेबल कट. आजही प्रत्येक हिर्‍याच्या माथ्यावरच्या सपाट पैलूचं नाव टेबलच आहे.

तेल आणि हिर्‍याची भुकटी लावलेलं फिरतं चाक ब्रुजच्या लोदेवेक व्हान बेर्केनने शोधलं, अशी कथा पुष्कळ पुस्तकांत सापडते. ती लिहिली त्याचा वंशज म्हणवणार्‍याने, सुमारे दोनशे वर्षांनंतर. घराण्याचा अभिमान बाजूला ठेवला तर हे चाक पंधराव्या शतकात वापरात होतं, एवढं धरून चालायला हरकत नाही. याच काळात, १४७७ मध्ये, ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला वाङ्निश्चयाच्या वेळी हिर्‍याची अंगठी दिली. साखरपुड्याच्या हिर्‍याचा इतिहास सांगताना सगळे इथूनच सुरुवात करतात. पण त्या काळातली युरोपीय व्यक्तिचित्रं पाहिली तर एक विचित्र गोष्ट दिसते. चित्रकारांनी अंगठीतले हिरे काळे रंगवलेत! माणिक लाल, पाचू हिरवा आणि हिरा काळा चौकोन. चित्रकार चुकत नव्हते.

ते का, हे वर्गात कागदावर करून पाहता येतं. आलेखकागदावर एक आडवी रेघ काढा, हे टेबल. तिच्याखाली इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन तिरक्या रेघा काढा. या हिर्‍याच्या खालच्या बाजू. प्रत्येक तिरकी रेघ आडव्या पातळीशी क अंशांचा कोन करते असं धरा. आता वरून एक किरण सरळ खाली येऊ द्या. पहिल्या बाजूवर त्याचा आपाती कोन बरोबर क इतकाच येतो. तिथून परावर्तित होऊन तो समोरच्या बाजूवर आदळतो तेव्हा आपाती कोन असतो १८० उणे ३क. कोनमापकाने ताडून पाहा. नववी-दहावीची मुलं हे सिद्धही करू शकतील.

हिर्‍याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून त्याचा क्रांतिक कोन फक्त २४.४ अंश. आपाती कोन याहून मोठा असेल तर पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, लहान असेल तर बराचसा प्रकाश बाहेर निसटतो. नैसर्गिक अष्टफलकाच्या बाजूंचा कोन ५४.७ अंश. पहिल्या बाजूवर काळजी नाही. दुसर्‍या बाजूवर १८० उणे १६४.१, म्हणजे सुमारे १६ अंश. प्रकाश मागच्या बाजूने निघून गेला! बघणार्‍याच्या डोळ्यांकडे काही आलंच नाही. बंद कोंदणात, मागे अंधार असताना, असा हिरा काळाच दिसणार. दोन्ही बाजूंवर परावर्तन व्हायचं तर क हा २४.४ आणि सुमारे ५२ अंश यांच्या मध्ये हवा. निसर्गाचा कोन जेमतेम तीन अंशांनी हुकला. पण कठीण हिर्‍याच्या सगळ्या बाजूंचा उतार तीन अंशांनी बदलायचा म्हणजे किती दगड वाया घालवायचा, याचा विचार करा.

भांडण इथे आहे. वजन राखायचं की प्रकाश मिळवायचा?

सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहणार्‍या टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिर्‍याने भारतीय कारागिरांचा हिशेब नोंदवून ठेवला आहे. दगड निर्दोष असेल तर त्याच्या मूळ बाजूंवरून चाक जरा फिरवायचं, वजन जाऊ द्यायचं नाही. डाग किंवा भेग असेल तर मात्र ती झाकायला त्यावर पुष्कळ छोटे पैलू पाडायचे. म्हणजे इथल्या जाणकाराला फार पैलूंचा हिरा दिसला की शंका यायची! आपल्या कारागिरांना प्रकाशाचं ज्ञान नव्हतं, असा शेरा काही युरोपीय लेखकांनी मारला आहे. आम्हाला तो अन्यायाचा वाटतो. कारागीर गिर्‍हाइकाला हवं ते देत होता, आणि गिर्‍हाइकाला मोठा, अखंड दगड हवा होता.

त्या गिर्‍हाइकाचा राग कसा असे, हेही टॅव्हर्निएच सांगतो. १६६५ मध्ये औरंगजेबाच्या दरबारात त्याला एक प्रचंड हिरा दाखवण्यात आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो मूळचा ७८७ कॅरटांहून जास्त होता. ऑर्टेन्सिओ बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराकडे तो दिला; त्याने घासून घासून त्याचा अर्ध्या अंड्यासारखा घुमट केला आणि उरले सुमारे २८० कॅरट. मजुरी राहिली बाजूला, बोर्जिओलाच दहा हजार रुपये दंड झाला. त्याच्याजवळ आणखी असते तर तेही गेले असते, अशी पुस्ती टॅव्हर्निए जोडतो. दगड फोडून मोठे तुकडे वाचवता आले असते, असं त्याचं मत होतं. हिरा ठरावीक चार प्रतलांत सरळ फुटतो, म्हणून हे शक्य असतं. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही, हा दृष्टांत आपल्या संतवाणीत आहे आणि रोमन लेखक प्लिनीनेही तसंच लिहिलं आहे. दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे. प्रयोग मात्र कोणी घरच्या हिर्‍यावर करू नये.

दुसरी गोष्ट कोहिनूरची. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांनी खालसा केला तेव्हा लाहोरच्या तहात बाल महाराजा दुलीपसिंगाकडून तो घेण्यात आला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो पिंजर्‍यात ठेवला, भोवती गॅसचे दिवे लावले, तरी लोक निराश होऊन परतले. हा तर काचेचा तुकडा, अशी कुजबुज झाली. हिरा तोच, पण तो भारतीय पद्धतीचा उंच घुमटाचा होता, आणि लंडनच्या माणसाच्या डोळ्यांत चमकणार्‍या हिर्‍याची सवय बसली होती. शास्त्रज्ञांचा सल्ला घेतला गेला. त्यांत कॅलिडोस्कोपवाले सर डेव्हिड ब्रूस्टरही होते. १८५२ च्या जुलैमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कोस्टर यांच्या कारखान्यातले कारागीर लंडनला आले, वाफेच्या इंजिनावर चाक बसवलं, वृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या हस्ते पहिला पैलू घासून झाला आणि ३८ दिवस काम चाललं. आजच्या मापात सांगायचं तर सुमारे ३८ ग्रॅमचा कोहिनूर २१ ग्रॅमचा झाला. सतरा ग्रॅम भुकटी! बोर्जिओला दंड झाला, इथे मात्र आठ हजार पौंड खर्च करून हे काम करवून घेतलं. कोहिनूर कोणाचा, या वादात हा मुद्दा फारसा येत नाही, पण यावा असं आम्हाला वाटतं: परत मागितला जातो तो हिरा लाहोरहून नेला तसा आता कुठेच नाही.

युरोपची चव बदलली होती ती सतराव्या शतकापासून. आधी सपाट बुडाचा, वर त्रिकोणी पैलूंचा रोज कट आला. मग शतकाच्या अखेरीस वर आणि खाली दोन्हीकडे पैलू असलेला ब्रिलियंट. पण अठराव्या शतकातले ब्रिलियंट गोल नव्हते. ते उशीसारखे, कोपरे बोथट केलेल्या चौकोनाचे होते, कारण अष्टफलकाची मधली कंबर चौकोनी असते आणि तेवढं वजन तरी सोडवत नव्हतं. मेणबत्तीच्या उजेडात त्यांचे मोठे पैलू संथपणे लकाकतात. ट्यूबलाइटखाली ते बिचारे मंद वाटतात, हा त्यांचा दोष नव्हे.

गोल आकार आला तो यंत्रांमुळे. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेतून हिर्‍यांचा लोंढा सुरू झाला, दगडाचा मोह थोडा सुटला. अमेरिकेत बोस्टनला हेन्री मोर्सच्या कारखान्यात १८७० च्या दशकात हिर्‍याला हिर्‍यावर घासून गोलाई देणारं वाफेचं यंत्र आलं. १९०० च्या सुमारास हिर्‍याची भुकटी लावलेल्या पातळ चकतीची करवत वापरात आली. माथ्याचं जे टोक आजवर घासून भुकटी व्हायचं, ते आता कापून वेगळा छोटा हिरा म्हणून विकता येऊ लागलं. दरम्यान १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनीने सहा नखांवर हिरा उचलून धरणारी अंगठी बाजारात आणली. मागे वर्ख लावलेल्या बंद कोंदणाची गरज संपली, कारण नीट कापलेला हिरा स्वतःच स्वतःचा आरसा होतो.

नीट म्हणजे किती नीट, हे गणिताने सांगितलं ते मार्सेल टोलकॉव्स्कीने. बेल्जियममधल्या हिरे कापणार्‍या घराण्यातला हा मुलगा लंडनला इंजिनिअरिंग शिकत होता. १९१९ मध्ये, विशीत, त्याने एक छोटं पुस्तक छापलं. आपल्या आलेखकागदावरच्या सरळ किरणासाठी ४५ अंश उत्तम. किरण आला तसा परत जातो. पण मग तो टेबलामधून सरळ बाहेर पडेल आणि रंग फाकणार नाहीत. हिर्‍याची मजा झळाळी आणि रंग दोन्हींत आहे. शिवाय किरण तिरकेही येतात. हा सगळा हिशेब करून त्याने खालच्या बाजूंचा कोन ४०.७५ अंश आणि वरच्यांचा ३४.५ अंश ठरवला. किरण दुसर्‍या बाजूवर ५७.७५ अंशांनी आदळतो, वर वळतो आणि तिरका बाहेर पडताना अपस्करण होऊन सप्तरंग उधळतो. नेमके हेच कोन साध्या काचेला दिले तर? काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश, म्हणून पहिल्याच बाजूवर गळती. ५८ पैलूंचा गोल हिरा आज जगभर दिसतो, तो या आकड्यांच्या आसपासचा असतो. जगातले बहुतेक हिरे आता सुरतेत घासले जातात. तिथल्या चाकांवरही हेच अंश जपले जातात.

आता दुकानातल्या किमतीकडे वळू. चौकोनी कंबरेच्या अष्टफलकातून गोल हिरा काढायचा म्हणजे चारही कोपरे घासून टाकायचे. कच्च्या दगडाचं निम्मं किंवा त्याहूनही जास्त वजन जातं. १९८० च्या आसपास रूढ झालेला प्रिन्सेस कट हा चौकोनी ब्रिलियंट कंबरेचे कोपरे तसेच ठेवतो, म्हणून त्यात नुकसान कमी. अर्ध्या कॅरटच्या गोल हिर्‍यासाठी जास्त मोठा दगड लागला, त्याचे पैसे गिर्‍हाईक मोजतं. गेलेली भुकटी बिलात लिहिलेली नसते एवढंच. त्यावर "गोलच चालतो" हेही खरं. १९४७ मध्ये द बिअर्सच्या जाहिरातीसाठी फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने हिरा चिरंतन असल्याचं घोषवाक्य लिहिलं, आणि साखरपुडा म्हणजे हिरा हे समीकरण अमेरिकेत पक्कं होऊन पुढे आपल्याकडेही आलं. जाहिरातीतला हिरा बहुधा गोलच असे.

विद्यार्थिनीने हे सगळं ऐकून घेतलं आणि तिसर्‍या दिवशी नवीन प्रश्न घेऊन आली. दुकानात प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही होते, खूपच स्वस्त. वायूपासून थर साचवून वाढवलेला हिरा अष्टफलक नसतो. तो चपट्या चौकोनी वडीसारखा निघतो. मग त्याला कोणता आकार सोयीचा? कंपासपेटी काढून आम्ही दोघांनी दुपारभर आकृत्या काढल्या. वडीतून चौकोनी हिरा काढणं अजूनच काटकसरीचं. पण कच्चा मालच स्वस्त असेल तर काटकसर करायची कशाला? आणि तरीही त्या हिर्‍यांतही गोलांचीच मागणी जास्त, असं दुकानदाराने तिला सांगितलं.

तिने शेवटी चौकोनीच घेतला, खाणीतला. टोकं उडू नयेत म्हणून चारही कोपर्‍यांवर नखं बसवून घेतली. कोपर्‍याशी हिरा सर्वांत सहज फुटतो, हे तिला माहीत होतं.