शिलाईतले बदल फोनमध्ये कसे नोंदवायचे? गुगल कीपची सोपी पद्धत

घरी शिलाई मशीन असेल, तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल. पेपर कटिंग केलं, ब्लाउज शिवला, थोडा सैल झाला म्हणून दाबून घेतला. काम झालं! पण वर्षभराने तोच कागद काढला की नेमकं काय बदललं होतं, ते काही आठवत नाही.

आमच्या खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीया) सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यामुळे त्याआधी शिलाईची घाई असते. अशाच घाईत मी धुळ्याच्या मावशीचा ब्लाउज बिघडवला. फोनमध्ये माझीच जुनी नोंद होती: "छाती अर्धा इंच कमी." मी कागदाच्या कडेलाच अर्धा इंच कमी केला. पण कागद पाव घेराचा असतो! पुढचं-मागचं मिळून चार वेळा अर्धा, म्हणजे घेर 2 इंचांनी घटला. खरं तर अर्धा इंच पूर्ण घेरातून कमी करायचा होता, म्हणजे कागदावर फक्त 1 सूत (इंचाचा आठवा भाग). जळगावच्या फुले मार्केटमधून हौसेनं आणलेलं कापड वाया गेलं.

म्हणजे नोंद होती, पण अर्धवट होती.

नोंदीत काय काय हवं?

- कोणाचा कपडा, कोणता प्रकार, तारीख
- बदल कुठे: छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही की गळा
- किती, आणि ते पूर्ण घेरात की कागदाच्या एका कडेला
- शिलाई मार्जिन धरून की सोडून
- कापड कोणतं, आणि शिवण्याआधी पाण्यातून काढलं होतं का (सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं)
- कागद दुरुस्त केला का? हो / नाही

शेवटची ओळ विसरू नका. कागद आधीच दुरुस्त केलेला असेल आणि नोंद वाचून पुन्हा कापलात, तर तोच बदल दोनदा होतो.

स्टेप बाय स्टेप

1. गुगल कीप अ‍ॅपमध्ये नवीन नोट घ्या. वरच्या सहा ओळी लिहा आणि "नमुना" असं नाव द्या.
2. प्रत्येक नवीन कपड्यासाठी ही नोट उघडून तीन टिंबांवर टॅप करा आणि "मेक अ कॉपी" निवडा. पुन्हा सगळं टाइप करायला नको.
3. नोटमध्ये #ब्लाउज, #कुर्ता असं लेबल लावा, म्हणजे नंतर लगेच सापडतं.
4. कागदाच्या कोपऱ्यावर पेनाने नंबर टाका आणि तोच नंबर नोटमध्ये लिहा. नाहीतर नोट एका कागदाची आणि हातात दुसराच!
5. बदल केलेल्या जागेचा फोटो जोडा, शेजारी टेप ठेवून.

फोटो फक्त आठवणीसाठी आहे. त्यावरून माप घेऊ नका, कारण कॅमेरा जरा तिरका झाला तरी आकार बदललेला दिसतो.

बोलून टाइप करत असाल, तर "सूत", "पाव", "सव्वा" हे शब्द बरोबर उमटले का, ते एकदा वाचून बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला मेसेज केला तर चालेल का?

तात्पुरता चालेल. पण वर्षभरानंतर चॅटमध्ये शोधत बसावं लागतं, आणि स्टोरेज भरलं की आपण आधी व्हॉट्सअ‍ॅपचेच फोटो उडवतो. कीपमधल्या नोंदी गुगल अकाउंटला सिंक होतात, त्यामुळे फोन बदलला तरी त्याच अकाउंटने लॉगिन केल्यावर परत मिळतात. नेट नसतानाही लिहिता येतं, नेट आलं की सिंक होतं.

हे लक्षात ठेवा

"कोलॅबोरेटर" जोडून नोट दुसऱ्याला देता येते. धुळ्यात मावशीने ब्लाउज घालून पाहिला की मावसबहीण त्याच नोटमध्ये "मुंढा घट्ट, 2 सूत हवा" असं लिहिते. पण जिला जोडाल ती नोट बदलूही शकते, म्हणून विश्वासातल्या व्यक्तीलाच जोडा. मापं ही खाजगी गोष्ट आहे. दुसऱ्याचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय ठेवू नका आणि फोनला स्क्रीन लॉक लावा.

जुनी नोट डिलीट करण्याऐवजी अर्काइव्ह करा. डिलीट केलेली नोट ट्रॅशमध्ये फक्त 7 दिवस राहते.

फिटिंग झाल्यावर लगेच, मशीन बंद करण्याआधी नोंद करा. दोन मिनिटं जातात, पण पुढचं कापड वाचतं. मी आता तसंच करते, आणि मावशी पुन्हा माझ्याकडे कापड द्यायला लागली आहे!