चीनच्या व्यापाराचे शिक्षण : मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या कँटन-सफरी (1756–1877)

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांना परदेशी अभ्याससहलीवर नेण्याची प्रथा आता आपल्याकडे रुळली आहे. चीनचा व्यापार प्रत्यक्ष पाहावा, या हेतूने अशा सहलींत ग्वांगझू शहराचा समावेश होतो. या शहरात 1957 पासून कँटन मेळा भरतो. पाश्चात्त्य जग ज्याला कँटन म्हणत असे, ते हेच शहर. चीनचा व्यापार शिकण्यासाठी मुंबईचे तरुण येथे अठराव्या शतकापासून जात होते. त्या काळी वाणिज्य महाविद्यालय नव्हते. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय 1913 साली निघाले. तोवर जहाज हाच वर्ग आणि बंदर हीच शाळा होती. या तरुणांनी काय शिकले आणि काय शिकायचे राहून गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कँटनची व्यापारपद्धती

चिनी बादशाहीने 1757 मध्ये पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कँटन या एकाच बंदरापुरता मर्यादित केला. परकीयांना शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या वखारींत आणि तेही व्यापारी हंगामापुरतेच राहता येई. हंगाम संपला की मकाव गाठावे लागे. बायकामुलांना सोबत आणण्यास बंदी होती. परकीयांना चिनी भाषा शिकविणे हा गुन्हा होता. सर्व व्यवहार सरकारमान्य ‘हाँग’ व्यापाऱ्यांमार्फतच करावा लागे. त्यांपैकी हौक्वा या नावाने ओळखला जाणारा व्यापारी पुढे जगातील अत्यंत श्रीमंत माणसांत गणला गेला.

अशा बंदिस्त पेठेत मुंबईचे पारशी व्यापारी लवकर पोहोचले. हिरजी जीवनजी रेडीमनी हे 1756 मध्ये चीनला गेलेले पहिले पारशी मानले जातात. पुढे 1784 च्या कायद्याने इंग्लंडमधील चहावरील जकात एकदम उतरली, चहाची मागणी वाढली आणि चहाच्या मोबदल्यात चीनला काय द्यावे, हा प्रश्न ईस्ट इंडिया कंपनीपुढे उभा राहिला. त्याचे एक उत्तर पश्चिम भारतातील कापूस हे होते. मुंबईची जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर कापूस घेऊन पूर्वेकडे जात आणि ईशान्य वाऱ्यांवर परत येत. मालाच्या विक्रीचे पैसे कंपनीच्या कँटन येथील खजिन्यात भरायचे व त्याबदली कलकत्ता किंवा लंडनवरील हुंड्या घ्यायच्या, अशी रीत होती. मोसम, मालाची प्रत, पत आणि हुंडणावळ ही चार अंगे ज्याला समजली, तोच या व्यापारात टिकला.

जमशेटजी जीजीभाई : एक विद्यार्थी

या शिक्षणाचे ठळक उदाहरण म्हणजे जमशेटजी जीजीभाई (1783–1859). वयाच्या सोळाव्या वर्षी, 1799 मध्ये, त्यांनी चीनची पहिली सफर केली आणि 1807 पर्यंत अशा पाच सफरी पूर्ण केल्या. 1805 मध्ये त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले. सर्व चीजवस्तू गमावून ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उतरले आणि तेथून कलकत्त्यामार्गे मुंबईस परतले. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. जार्डिनने पुढे 1832 मध्ये ‘जार्डिन, मॅथेसन’ ही पेढी काढली आणि जमशेटजी तिचे मुंबईतील मोठे सहकारी झाले.

सन 1807 नंतर जमशेटजी चीनला गेले नाहीत. मात्र तेथे जोडलेल्या माणसांच्या आणि पत्रांच्या आधारे त्यांचा व्यवहार अनेक दशके चालला. त्यांच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्यांच्या पेढीत मोतीचंद अमीचंद हे जैन, मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरियो द फारिया हे गोवेकर ख्रिस्ती व्यापारी सहभागी होते. धर्म व जातीच्या पलीकडे जाऊन पत निर्माण करणे, हा कँटन-व्यापाराचा सर्वांत टिकाऊ धडा म्हणावा लागेल.

अभ्यासक्रमाबाहेर राहिलेला विषय

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. 1820 च्या दशकात कँटनच्या आयातीत कापसाला मागे टाकून अफू पुढे आली. चीनमध्ये 1729 पासून अफूच्या विक्रीवर बंदी होती, पुढे आयातीवरही बंदी आली. तरीही माळव्याची अफू मुंबई व दमणमार्गे चोरट्या वाटेने जातच राहिली. 1839 मध्ये आयुक्त लिन झेशू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यातून पहिले अफूयुद्ध झाले व 1842 च्या नानकिंग तहाने कँटनची मक्तेदारी संपली. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय (1845) आणि कलाशाळा (1857) त्यांच्या दानातून उभी राहिली. या संस्थांचे ऋण मान्य करतानाच त्या धनाचा उगम विसरणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. चिनी बाजार बारकाईने शिकलेल्या या पिढीच्या हिशेबात चिनी माणसाच्या हानीचे खाते नव्हते. ते खाते पुढे दादाभाई नौरोजींसारख्या विचारवंतांनी उघडले. भारतातून होणारे संपत्तीचे वहन भरून काढण्यासाठी चीनला अफू पाजली जाते, हा अन्याय त्यांनी मांडला.

दख्खनचा शेतकरी आणि चीनचा बाजार

या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला आपला प्रदेश होता. बीड ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातील वऱ्हाडचा कापूस विक्काजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने 1825-26 मध्ये पाचशे बैलांवर लादून मुंबईला नेला. याच पेस्तनजींच्या नावाचे ‘पेस्तनशाही’ रुपये औरंगाबादच्या टांकसाळीत पडत. मात्र तो कापूस पिकविणाऱ्या कुणब्याला आपला माल कोठे जातो व त्याचा भाव कोण ठरवितो, हे कळण्याचा मार्ग नव्हता. बाजाराचे ज्ञान प्रवास करणाऱ्याकडे राहिले आणि नफाही त्याच्याच वाट्याला आला.

या स्थितीत पहिला बदल झाला तो कारखानदारीमुळे. जमशेटजी नसरवानजी टाटा 1859 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, वडिलांच्या पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला गेले. त्यांच्या त्या पेढीच्या मालात कापसासोबत अफूही होती. पुढे त्यांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपूरला, कापसाच्या प्रदेशातच, एम्प्रेस मिल सुरू केली. त्या काळात मुंबई इलाख्यातील गिरण्यांचे सूत चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर खपत होते. 1890 च्या दशकात जपानी सुताच्या स्पर्धेने त्या बाजाराला ओहोटी लागली.

समारोप

हा इतिहास केवळ गतकाळाचा नाही. 2011-12 च्या हंगामात भारतीय कापसाचा सर्वांत मोठा ग्राहक चीन होता. 2014 नंतर चीनने साठ्याविषयीचे धोरण बदलले आणि त्याची खरेदी आटली. अशा निर्णयांचा परिणाम बीड, गेवराई, माजलगावच्या कापूस उत्पादकापर्यंत पोहोचतो. आपल्या वाणिज्य शाखेत शिकणारी बरीच मुले याच घरांतून येतात. म्हणून चीनला जाणाऱ्या अभ्याससहलीची तयारी आपल्या बाजार समितीच्या आवारातून आणि जिनिंग कारखान्यातून सुरू व्हावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परतल्यावर विद्यार्थ्याने लिहिलेल्या अहवालात दोन प्रश्नांची उत्तरे असावीत : तेथे ठरलेल्या भावाचा येथील शेतकऱ्याशी कसा संबंध येतो, आणि आपण विकलेला माल घेणाऱ्याचे हित करतो की अहित? कँटनला गेलेल्या पहिल्या पिढीने हे प्रश्न विचारले नाहीत. त्याची किंमत दोन्ही देशांतील सामान्य माणसाने मोजली.