डॉरिस मिलर : पदक आणि पद

युद्धात कामी आलेल्या नाविकांच्या स्मरणात जहाजावरील आचाऱ्यास क्वचितच स्थान मिळते. अमेरिकन नौदलातील डॉरिस मिलर हा त्यास अपवाद होय. परंतु त्याच्या जीवनातील नेमके काय स्मरणात राहिले, याचा विचार इतिहासाभ्यासकाने अवश्य केला पाहिजे.

मिलरचा जन्म टेक्सस राज्यातील वेको येथे १९१९ साली झाला. १९३९ मध्ये तो नौदलात दाखल झाला. कृष्णवर्णीयांची नवी भरती नौदलाने १९१९ नंतर थांबविली होती; १९३२ च्या सुमारास ती पुन्हा सुरू झाली, ती मुख्यतः भोजनसेवकांच्या जागांपुरती. अधिकाऱ्यांना वाढणे, त्यांचे कपडे धुण्यास नेणे, हे मिलरचे नेमून दिलेले काम होते.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्या वेळी तो 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर कपडे गोळा करीत होता. मरणोन्मुख कप्तान बेनियन यांना सुरक्षित जागी हलविण्यास त्याने साहाय्य केले. पुढे, न शिकविलेली विमानवेधी मशीनगन त्याने चालविली. त्याने किती विमाने पाडली याविषयी अनेक आकडे सांगितले गेले. मानपत्रात मात्र एकही आकडा नाही. प्रथम वृत्तपत्रांतून या वीराचा उल्लेख निनावीच झाला. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने त्याचे नाव लोकांपुढे आणले, आणि २७ मे १९४२ रोजी अॅडमिरल निमिट्झ यांनी त्याच्या छातीवर 'नेव्ही क्रॉस' लावला.

येथे विसंगती स्पष्ट होते. जून १९४२ पासून कृष्णवर्णीयांना नौदलाच्या अन्य शाखांत प्रवेश मिळू लागला. १९४३ च्या सरकारी भित्तिपत्रकावर मिलरचे चित्र झळकले. तो स्वतः मात्र भोजनविभागातच राहिला. त्याची बढती झाली ती तृतीय श्रेणीच्या आचाऱ्यापर्यंत.

२४ नोव्हेंबर १९४३ रोजी पहाटे, गिल्बर्ट बेटांजवळ, 'लिस्कम बे' या विमानवाहू नौकेवर जपानी पाणबुडीचा पाणतीर आदळला. नौकेवरील बाँबसाठ्याचा स्फोट झाला व सुमारे २३ मिनिटांत ती बुडाली. मृतांची संख्या ६४४ होती; मिलर त्यांपैकी एक. वर्षभरानंतर त्यास अधिकृतपणे मृत मानण्यात आले.

१९७३ मध्ये एक नौका त्याच्या नावाने सेवेत आली. २०२० मध्ये एका विमानवाहू नौकेस त्याचे नाव देण्याची घोषणा झाली. या गौरवाचे मूळ पर्ल हार्बरच्या त्या सकाळीत आहे. त्याच्या नोकरीचा बाकीचा काळ वाढण्यात व रांधण्यात गेला, आणि मृत्यूही त्याच पदावर आला. शौर्याची नोंद घेणे व्यवस्थेस सोपे गेले. त्या शौर्यास अनुरूप पद देणे तिला जमले नाही. सैन्यदलांतील वर्णभेद संपविण्याचा अध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला, तो १९४८ साली. म्हणून मिलरचे स्मरण करताना पदकाबरोबर त्याचे अखेरचे पदही सांगितले पाहिजे. दोन्ही एकत्र वाचल्यावाचून त्या काळाचा इतिहास पुरा होत नाही.