जुन्या बाजारांतला प्रोजेक्टर

यंत्राची दुरुस्ती हें कारागिराचें काम आहे, अशी सुशिक्षित समाजाची सर्वसाधारण समजूत असते. घड्याळ बंद पडलें तर तें घड्याळजीकडे आणि ग्रामोफोन अडला तर तो दुकानदाराकडे धाडून लोक मोकळे होतात. केवळ हौसेखातर एखादें जुनें यंत्र उघडून बसणाऱ्या गृहस्थाकडे घरचीं माणसेंहि थोड्या कौतुकानें आणि पुष्कळशा काळजीनें पाहतात. परंतु महाराष्ट्राच्या चित्रपटसृष्टीचा उगम शोधूं लागलें म्हणजे अशाच एका हौशी खटपटीपाशीं येऊन थांबावें लागतें. ती खटपट कोल्हापुरांत झाली, आणि तिचें साधन होतें मुंबईच्या जुन्या बाजारांतून आणलेला एक वापरलेला प्रोजेक्टर.

करमणुकीचीं यंत्रें या देशांत आलीं तीं तयार वस्तु म्हणून आलीं. १८९२ सालीं कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें काचेवरील चित्रांचा दीपखेळ सुरू केला. १८९४ च्या एप्रिलांत न्यूयॉर्क येथें एडिसनच्या किनेटोस्कोपचें पहिलें दालन उघडलें. पेटीच्या भिंगाला डोळा लावून एका वेळीं एकाच माणसानें आंतील हलतें चित्र पाहावयाचें, अशी त्याची योजना होती. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिए बंधूंचा सिनेमॅटोग्राफ दाखविला गेला. दादासाहेब फाळके १९१२ मध्यें विलायतेस जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रें पाडण्याचें यंत्र घेऊन आले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फाळक्यांची जिद्द मोठी खरीच. पण त्यांचा कॅमेराहि परदेशी कारखान्यांतून विकत आणलेला होता.

‘राजा हरिश्चंद्र’ पाहून ज्यांना या नव्या विद्येचा ध्यास लागला, त्यांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे दोन चित्रकार होते. हे नात्यानें भाऊ. बाबूरावांचें आडनांव मिस्त्री आणि जन्म १८९० चा. कलाशाळेचा संस्कार नसतां ते स्वतःच चित्रकला व शिल्पकला शिकले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत दोघांचाहि हातखंडा असल्यामुळें ‘पेंटर’ हेंच त्यांचें नांव लोकांत रूढ झालें. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हां त्यांनीं चित्रपट दाखविण्याचा उद्योग आरंभिला, आणि त्याच्याच जोडीला प्रोजेक्टरचीं अंगें सुटीं करून कॅमेऱ्याचें रहस्य शोधण्यास प्रारंभ केला.

प्रोजेक्टर उघडून कॅमेरा कसा शिकतां येईल, अशी शंका कोणासहि येईल. तिचें उत्तर यंत्राच्या रचनेंतच आहे. डोळ्यांना चित्र हलल्यासारखें दिसतें, परंतु फिल्म अखंड धांवत नसते. मूकपटांच्या काळीं सेकंदास सुमारें सोळा वेळां ती क्षणभर थांबे, पुन्हां एक पाऊल पुढें सरके, आणि सरकत असतांना फिरती झडप उजेड अडवून धरी. फिल्मच्या दोन्ही कडांना एकेका चित्रामागें चार चार छिद्रें असतात. त्यांत दांते अडकवून हें थांबणें आणि सरकणें साधावयाचें असतें. कॅमेऱ्यांत नेमकी हीच क्रिया घडते. भेद एवढाच कीं, प्रोजेक्टरांत उजेड आंतून बाहेर जातो, तर कॅमेऱ्यांत तो बाहेरून आंत येतो. म्हणून ज्यानें एकाची चाल हातानें जाणली, त्याला दुसऱ्याची किल्ली सांपडली. मात्र कॅमेऱ्याची कसोटी फार कडक! पेटींत उजेडाची एक रेघ शिरली तर फिल्म वायां जाते, आणि दांता केसभर चुकला तर सबंध चित्र थरथरतें. पडद्याच्या रंगकामांत चूक झाली तर वरून दुसरा हात देतां येतो. येथें तशी सवलत नाहीं.

हा उद्योग अर्ध्यावर असतांनाच १९१६ सालीं आनंदरावांचें निधन झालें. दोघांनीं मिळून पाहिलेलें स्वप्न एकट्या बाबूरावांवर येऊन पडलें. महायुद्ध चालू होतें. विलायतेहून माल येणें दुर्घट झालें होतें. कोणीहि अशा वेळीं तीं सुटीं चक्रें गुंडाळून ठेविलीं असतीं. पण बाबूरावांनीं आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें काम पुढें चालविलें, आणि १९१८ सालीं चालता कॅमेरा सिद्ध झाला.

त्या कॅमेऱ्याचें फळ काय, हें पुढील इतिहास सांगतो. तानीबाई कागलकर या गायिकेनें द्रव्यसाहाय्य केलें आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० सालीं ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन सिनेमांत लागला, आणि लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. याच कंपनींत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनीं सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्यें ‘प्रभात’ स्थापिली. तिचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केला आणि पुढल्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. दरसाल आषाढीस तुकोबांची पालखी बारामती, निमगांव केतकी, इंदापूर या मार्गानें पंढरीस जाते. त्या वाटेवरील माणसांचे तुकोबा पडद्यावर ज्यांनीं साकार केले, त्यांतील एकाचे हात प्रथम त्या हौशी कॅमेऱ्याच्या चक्रांवर तयार झाले होते.

पुढें प्रोजेक्टर लॉरींत बसून गांवोगांव हिंडूं लागला. यात्रांच्या मैदानांवर तंबू ठोकून चाललेल्या टुरिंग टॉकीजनीं पश्चिम महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना चित्रपट दाखविले. धूळ, पाऊस आणि खडबडीत रस्ते सोसून तीं यंत्रें चाललीं, कारण त्यांचा प्रत्येक खिळा ओळखणारीं माणसें बरोबर होतीं. एकविसाव्या शतकांत फिल्मच्या रिळांची जागा डिजिटल प्रतींनीं घेतली, आणि कित्येक प्रोजेक्टर भंगाराच्या भावानें विकले गेले. २०१६ चा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट या अस्ताची साक्ष देतो. त्यांतील वृद्ध दुरुस्तीकाराकडे पाहतां, लोखंडाबरोबर काय मोडीत निघालें तें ध्यानांत येतें.

पैसे टाकून खेळावयाच्या विजेच्या यंत्रांचाहि इतिहास याहून निराळा नाहीं. १९७२ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका मद्यगृहांत ‘पाँग’ हा खेळ ठेविला असतां तो लौकरच बंद पडला. उघडून पाहतात तों नाण्यांची पेटीच ओसंडून वाहत होती! पुढें १९९३ पासून एका जपानी कंपनीनें आपल्या खेळांच्या पाट्यांत गुप्त किल्ली अशा स्मृतींत ठेविली कीं, आंतील लहानशी बॅटरी संपतांच ती पुसली जावी आणि खेळ कायमचा मुका व्हावा. जगभरच्या हौशी लोकांनीं वर्षानुवर्षें त्या पाट्या तपासल्या, आणि २०१६ मध्यें किल्ली पुन्हां भरून मेलेलें यंत्र जिवंत करण्याची रीत प्रसिद्ध झाली.

कोल्हापुरांत आज बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेरा-स्तंभ उभा आहे. ‘सैरंध्री’ मात्र कोठेंहि पाहावयास मिळत नाहीं. त्या काळच्या बहुतेक मूकपटांप्रमाणें तोहि नष्ट झाला. चित्रें गेलीं, पण त्यांच्यामागची विद्या हातांतून हातांत गेली म्हणून टिकली. ज्या घरांतील मूल एखादें जुनें यंत्र उघडून बसलें असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्याच्यावर रागावण्यापूर्वी जुन्या बाजारांतल्या त्या प्रोजेक्टरचें स्मरण करावें.