भूमिगत अग्निजलवाहिनीच्या सांध्यांचे बंधन

भूमिगत अग्निजलवाहिनीच्या सांध्यांचे बंधन म्हणजे इमारतीतील स्प्रिंकलर यंत्रणेला पाणी पुरवणाऱ्या, जमिनीखालील नळांचे सांधे पाण्याच्या दाबाने सुटू नयेत यासाठी केलेली योजना होय. पंपघराकडून किंवा शहराच्या मुख्य वाहिनीकडून आलेला नळ पायाजवळून इमारतीत शिरतो आणि फरशीतून वर येऊन उभ्या नळाला, म्हणजे रायझरला, मिळतो. या मार्गावरील बेंड, टी, व्हॉल्व्ह आणि बंद टोके येथे बंधनाची मुख्यतः गरज असते.

रेट्याचा उगम

डक्टाइल आयर्नच्या नळांमध्ये एका नळाचे साधे टोक दुसऱ्याच्या रुंद मुखात, म्हणजे सॉकेटमध्ये, सरकवतात. मधले रबरी गॅस्केट पाणी अडवते; नळ धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. सरळ मार्गावर दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांना तोलतात. मार्ग वळला किंवा संपला की हा तोल जातो आणि जोडतुकडा बाहेरच्या बाजूस ढकलला जातो. इंग्रजीतील ‘थ्रस्ट’साठी मराठीतील ‘रेटा’ हा शब्द येथे चपखल बसतो.

बंद टोकावरील रेटा म्हणजे दाब गुणिले नळाच्या बाह्य व्यासाचे क्षेत्रफळ. बेंडवरील रेटा याच गुणाकाराच्या दुपटीला वळणाच्या अर्ध्या कोनाच्या साइनने गुणून मिळतो. १५० मिमी नळाचा बाह्य व्यास १७० मिमी धरला, तर १३.८ बार दाबाला बंद टोकावर सुमारे ३.२ टन आणि ९० अंशांच्या बेंडवर सुमारे ४.५ टन भार येतो. पाणी वाहत नसले तरी हा रेटा असतोच. प्रवाहाच्या वेगामुळे पडणारी भर त्यामानाने किरकोळ असते. पंप अचानक सुरू झाला किंवा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की जलाघाताने दाब क्षणभर आणखी चढतो. त्यामुळे एरवी शांत दिसणारा सैल सांधा नेमका आगीच्या वेळी, पंप चालू होताच निसटण्याचा धोका राहतो. तसे झाल्यास स्प्रिंकलरपर्यंत पुरेसे पाणी पोहोचत नाही आणि निसटलेल्या पाण्याने पायाखालची माती वाहून जाऊ लागते.

रायझरच्या पायथ्याशी

सर्वांत नाजूक जागा आडवा नळ वर वळतो तेथील बेंडची. येथे रेटा दोन दिशांनी कार्य करतो : बेंड पुढे आणि खाली ढकलला जातो, तर वरचा नळ त्याच्या माथ्यावरील बंद व्हॉल्व्हवर पडणाऱ्या दाबामुळे वर उचलला जातो. बेंडच्या मागे व खाली कितीही काँक्रीट ओतले तरी वरचा नळ त्यातून निसटू शकतो, ही गोष्ट बांधकामस्थळी सहज दुर्लक्षिली जाते. म्हणून फरशीवरील फ्लँजपासून खालच्या बेंडपर्यंत आणि बेंडपासून मागील आडव्या नळापर्यंत पोलादी गजांनी ताण देऊन बांधणी करतात. बेंड व उभा नळ यांचा सलग, सांध्याविना बनवलेला स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरल्यास हा प्रश्न बराच सोपा होतो. मात्र त्याचा आडव्या नळाशी होणारा सांधा बांधावाच लागतो.

बंधनाच्या पद्धती

काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे थ्रस्ट ब्लॉक, ही जुनी पद्धत. ठोकळा रेटा अडवत नाही, तो केवळ मोठ्या क्षेत्रफळावर पसरून मातीकडे सोपवतो. म्हणून त्याची पाठ न उकरलेल्या मातीला टेकलेली असणे आवश्यक असते. पायाभोवतीची जमीन बहुधा उकरून पुन्हा भरलेली असल्याने तेथे ठोकळ्यावर विसंबणे धोक्याचे. महाराष्ट्रातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे अशा जमिनीतही तिचा आधार बारमाही सारखा राहत नाही. ठोकळा घालताना सांधा व बोल्ट काँक्रीटमध्ये गाडले जाऊ नयेत, अन्यथा दुरुस्ती अशक्य होते.

दुसरी पद्धत सांधाच जखडण्याची. यात पाचरी असलेली पकड-कडी, पोलादी दातांचे गॅस्केट किंवा क्लॅम्प व गज वापरतात. केवळ बेंडचा सांधा जखडून भागत नाही; नळावरील मातीचे घर्षण रेटा पेलू शकेल इतक्या लांबीपर्यंतचे सर्व सांधे बांधावे लागतात. गज, नट व क्लॅम्प यांवर बसवणीनंतर डांबरी किंवा तत्सम गंजरोधक लेप देतात. गंजलेला गज मातीखाली कोणाला दिसत नाही.

वेल्डिंग केलेल्या पोलादी नळांत व उष्णतेने सांधलेल्या एच.डी.पी.ई. नळांत सांधे मुळातच अखंड असल्याने वेगळे बंधन सहसा लागत नाही. मात्र एच.डी.पी.ई. नळ दाबाखाली किंचित फुगतो व लांबीने आखडतो. तो पुढे साध्या सॉकेटच्या नळाला जोडला असल्यास त्याचे सांधे ओढून सोडवू शकतो. अशा संक्रमणाच्या जागी स्वतंत्र अटकाव हवा.

चाचणी

अमेरिकेतील एन.एफ.पी.ए. २४ हे मानक अशा वाहिन्यांसाठी अनेक देशांत आधारभूत मानले जाते. त्यानुसार सर्वसाधारणपणे १३.८ बार दाबाने दोन तास जलदाब चाचणी घेतात. नेहमीचा दाब १०.३ बारपेक्षा अधिक असल्यास चाचणीचा दाब त्याहून ३.४ बारने जास्त ठेवतात. चाचणीपूर्वी नळांच्या मधल्या भागावर माती टाकून सांधे उघडे ठेवले जातात, जेणेकरून सरकलेला किंवा पाझरणारा सांधा नजरेस पडावा. काँक्रीटचे ठोकळे पुरेसे कठीण झाल्याखेरीज दाब चढवत नाहीत. रायझरशी जोडणी करण्याआधी वाहिनी जोरदार प्रवाहाने धुऊन काढतात, कारण बांधकामात आत राहिलेले खडे व माती स्प्रिंकलरची तोंडे बुजवतात. धुण्याच्या वेळीही उघड्या टोकाला जोडलेले तात्पुरते नळ व होज घट्ट बांधून ठेवावे लागतात.